गार नदीतून ऊन पाणी

आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी तांब्याचा बंब पाहिला असेल. मधल्या नळकांड्यात लाकडाच्या ढलप्या, गोवरीचा तुकडा, कोकणात नारळाच्या सोडणांचे जळण टाकायचे. भोवतालचे पाणी तापायचे. आणि पहाटे उठणाऱ्याच्या डोळ्यांत धूर जायचा. पुढे बंब मोडीत गेला आणि न्हाणीघरात विजेचा गीझर आला. धूर गेला, राख गेली, कळ दाबली की काम झाले. ही सुधारणा झाली असे आपण मानतो आणि घरापुरते ते खरेही आहे. मात्र इंधनाचा हिशेब घराच्या भिंतीपाशी थांबत नाही. तो थोडा पुढे नेऊन पाहू.

एका कुटुंबाला सकाळी १०० लिटर पाणी लागते असे धरू. पाणी २५ अंश सेल्सियसवरून ५५ अंशांवर न्यायचे. म्हणजे १०० किलोग्रॅम पाण्याचे तापमान ३० अंशांनी वाढवायचे, त्यासाठी ३००० किलोकॅलरी उष्णता हवी. विजेच्या भाषेत ही झाली साडेतीन युनिटे. गीझरमध्ये विजेची जवळजवळ सगळी उष्णता होते, म्हणून गीझर शंभर टक्के कार्यक्षम आहे असे कोणी म्हटले तर ते चूक नाही. पण ती वीज आली कोठून? आजही आपल्या विजेतील मोठा वाटा कोळशाचा आहे, आणि औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेतील ढोबळमानाने एक-तृतीयांशच विजेत उतरते. साडेतीन युनिटे घरी पोचण्यासाठी तिकडे साडेदहा युनिटांची उष्णता जाळावी लागली. उरलेली सात युनिटे शीतक मनोऱ्यांतून आणि धुरांड्यातून आकाशात गेली. इतका खटाटोप करून उष्णतेची वीज केली, आणि न्हाणीघरात येताच तिची पुन्हा उष्णता करून टाकली.

हेच १०० लिटर पाणी सुमारे एका युनिटात तापवणारे यंत्र आहे. त्याला उष्मापंप म्हणतात. ते काही कालपरवाचे नवल नव्हे. त्यामागचा विचार १८५२ साली छापून आला होता. मग तो न्हाणीघरापर्यंत पोचायला जवळजवळ दीडशे वर्षे का लागली, हा प्रश्न आम्हाला यंत्राच्या रचनेइतकाच महत्त्वाचा वाटतो.

वर्गात ही गोष्ट सांगितली की एखादा चलाख विद्यार्थी लगेच विचारतो: एक युनिट वीज घालून साडेतीन युनिटे उष्णता मिळत असेल, तर ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाचे काय झाले? हा प्रश्न दडपू नये. आधी त्याचे उत्तर पाहू, मग इतिहास.

माठ, सायकलचा पंप आणि फ्रीज

माठातले पाणी गार का होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी अप्रकट उष्णता ती माठातून घेऊन जाते. याच्या उलट, वाफेचे पाणी होताना ती उष्णता बाहेर पडते. आता दुसरा अनुभव. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला गरम लागते. वायू जोराने दाबला की तो तापतो. ताणू दिला की गार होतो.

या दोन गोष्टी एका बंद नळीत एकत्र आणल्या की उष्मापंप तयार होतो. नळीत असा द्रव घ्यायचा की ज्याची वाफ कमी तापमानालाच होते. याला प्रशीतक म्हणतात. कमी दाबाखाली तो बाहेरच्या हवेची किंवा नदीच्या पाण्याची उष्णता घेऊन उकळतो. त्याची वाफ कॉम्प्रेसरने दाबली की ती तापते. ही तापलेली वाफ पाण्याच्या टाकीभोवतीच्या नळीत जाते, तिथे तिचा पुन्हा द्रव होतो आणि हवेतून उचललेली उष्णता पाण्याला मिळते. मग एका बारीक छिद्रातून द्रव पुन्हा कमी दाबाकडे सोडायचा, की फेरा पूर्ण. घरातला फ्रीज नेमके हेच करतो. तो भाजीतली उष्णता उपसून स्वयंपाकघरात टाकतो. जुन्या फ्रिजची मागची जाळी गरम असायची; आजच्या अनेक फ्रिजच्या कुशी गरम लागतात. ती उष्णता वाया जाऊ न देता तिच्यावरच नजर ठेवली की फ्रीजचा झाला उष्मापंप.

म्हणजे वीज इथे उष्णता ‘बनवत’ नाही, ती उष्णता वाहून नेण्याची हमाली करते. साडेतीन युनिटांतली अडीच युनिटे बाहेरच्या हवेतून आली आणि तेवढ्यापुरती ती हवा गार झाली. एक युनिट हमालीचे. बेरीज बरोबर जुळते, अक्षय्यतेच्या नियमाला धक्का लागत नाही. हमाली किती पडेल हे मात्र चढावर अवलंबून असते. विहीर जितकी खोल तितके रहाटाला कष्ट जास्त. तसेच गार आणि गरम बाजूंच्या तापमानांत जितका फरक अधिक, तितकी वीज अधिक. या चढाचा नियम ज्याने शोधला त्याच्यापासूनच आपली गोष्ट सुरू होते.

न खपलेले पुस्तक

सादी कार्नो हा फ्रेंच लष्करातला इंजिनिअर. १८२४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने उष्णतेच्या चालकशक्तीवर एक छोटे पुस्तक स्वखर्चाने छापले. वाफेच्या इंजिनातून जास्तीत जास्त किती काम मिळू शकेल, हा त्याचा प्रश्न. उत्तर त्याने असे दिले की ही मर्यादा इंजिनात वाफ आहे की हवा यावर अवलंबून नसते, गरम आणि गार बाजूंच्या तापमानांवर असते. याच पुस्तकात त्याने आपले काल्पनिक इंजिन उलटेही चालवून पाहिले. उष्णता गरमाकडून गाराकडे जाताना काम मिळते. तर मग काम खर्च करून तीच उष्णता गाराकडून गरमाकडे नेता आली पाहिजे. उष्मापंपाचे बीज हेच. उष्णता हा एक द्रवपदार्थ आहे अशी त्या काळची समजूत होती आणि कार्नोही त्याच भाषेत लिहीत होता. समजूत चुकीची असूनही त्याचे मुख्य अनुमान टिकले, हे विज्ञानाच्या इतिहासातले एक आश्चर्यच. १८३२ मध्ये कॉलऱ्याने तो छत्तिसाव्या वर्षी गेला. पुस्तक फारसे कोणी वाचले नव्हते.

ज्या वर्षी हे पुस्तक छापले त्याच वर्षी बेलफास्टला विल्यम थॉमसनचा जन्म झाला. हाच पुढे लॉर्ड केल्व्हिन. क्लापेरॉनच्या १८३४ सालच्या निबंधातून त्याला कार्नोचे नाव कळले. १८४५ मध्ये पॅरिसला असताना त्याने मूळ पुस्तकासाठी दुकाने पालथी घातली. कार्नो म्हटल्यावर दुकानदार त्याच घरातल्या इतर कार्नोंची पुस्तके पुढे करत. सादी कार्नो कोणालाच माहीत नव्हता.

पुढे ज्यूलच्या प्रयोगांमुळे उष्णता ही ऊर्जा आहे हे स्पष्ट झाले आणि थॉमसनने कार्नोचा विचार नव्या पायावर उभा केला. डिसेंबर १८५२ मध्ये ग्लासगोच्या फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे त्याने एक निबंध ठेवला. विषय होता हवेच्या झोताने इमारती तापवण्यातली किंवा गार करण्यातली काटकसर. त्याचे वयही तेव्हा अठ्ठावीसच होते. बाहेरची हवा एका नळकांड्यात घेऊन प्रसरण पावू द्यायची, म्हणजे ती गार होईल. गार झाल्यामुळे ती भोवतालची उष्णता शोषील. मग दुसऱ्या नळकांड्यात ती दाबून गरम करायची आणि इमारतीत सोडायची. बाहेर १० अंश तापमान असताना हवा सुमारे २७ अंशांपर्यंत तापवायची असेल, तर आदर्श यंत्राला थेट तापवण्याच्या साधारण पस्तिसाव्या हिश्श्याइतकेच काम पुरते. त्या काळचे चांगले वाफेचे इंजिनसुद्धा इंधनातल्या उष्णतेचा फार तर दहावा हिस्सा कामात आणी. तरीही गणित शेगडीपेक्षा फायद्याचेच ठरत होते.

गार करण्याची बाजूही नुसती शोभेची नव्हती. स्कॉटलंडचा राजज्योतिषी पिआत्सी स्मिथ याने १८५०च्या सुमारास उष्ण प्रदेशांतल्या खोल्या दाबलेल्या हवेने गार करण्याची योजना मांडली होती आणि त्या वर्तुळात तिची चर्चा चालू होती. थॉमसनचे वैशिष्ट्य असे की तेच यंत्र त्याने थंड देशाच्या गरजेला लावून दाखवले. घर तापवण्याचे हे यंत्र मात्र कागदावरच राहिले. ब्रिटनमध्ये कोळसा मुबलक आणि स्वस्त; शेगडीत दोन फावडी जास्त टाकणे कोणालाही सोपे होते.

मीठ आणि सरपण

उष्मापंप पहिल्यांदा बांधला गेला तो घरासाठी नव्हे, मिठासाठी. ऑस्ट्रियात एबेनझे येथे खारे पाणी आटवून मीठ काढत. पाणी उकळायला डोंगरातले लाकूड लागे आणि ते बेसुमार लागे. पीटर फॉन रिटिंगर या खाण-अभियंत्याने १८५५ साली असा विचार मांडला की कढईतून उडणारी वाफ ही वाया जाणारी उष्णता आहे. ती वाफ दाबली तर तिचे तापमान चढेल. आणि मग तीच वाफ पुन्हा त्याच कढईखाली फिरवून पाणी उकळता येईल. दाबण्यासाठी लागणारे बळ लाकडातून काढायची गरज नव्हती, डोंगरातून पडणारे पाणी ते फुकट देत होते. सरपणात जवळपास ऐंशी टक्के बचत होईल असा त्याचा अंदाज होता.

१८५७च्या सुमारास एबेनझेला हा प्रयोग झाला. तत्त्व खरे निघाले, पण उपकरणाने दगा दिला. नळ्यांवर मिठाची खपली धरू लागली आणि उष्णता पलीकडे जाईना. खाऱ्या विहिरीचे पाणी तापवणाऱ्या आपल्या गृहिणींना हा त्रास वेगळा समजावून सांगायला नको. गीझरच्या कॉइलवरचा पांढरा थर त्याच जातीचा. पुढे स्वित्झर्लंडमध्ये पिकार आणि वायबेल यांनी ही अडचण सोडवली, आणि १८७७ साली बेक्सच्या मिठागरात अशा तऱ्हेचे यंत्र नीट चालू लागले.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दोन्ही ठिकाणी जळण महाग होते आणि पडते पाणी जवळ होते. पुढच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर हीच जोडी पुन्हा भेटते.

दरम्यान थंडी बनवणारी यंत्रे वेगाने पुढे गेली. जेकब पर्किन्सचे १८३४ सालचे पेटंट, ऑस्ट्रेलियात हॅरिसनची यंत्रे, जर्मनीत लिंडेची. मांस, बिअर आणि बर्फ यांच्या धंद्यात पैसा होता. एकाच यंत्राच्या गार टोकाला गिऱ्हाईक होते, गरम टोकाला नव्हते. म्हणून गरम टोक पाण्याने निववून ती उष्णता गटारात सोडून देत.

एक घर, एक नगरगृह

घर आणि घरचे पाणी तापवायला उष्मापंप लावणाऱ्या पहिल्या माणसांत ग्रॅम हॉल्डेन यांचे नाव येते. हे विद्युत अभियंते. आपल्याकडे १९५७ मध्ये येऊन भारतीय नागरिक झालेले आणि १९६४ साली भुवनेश्वरला निवर्तलेले जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन, त्यांचे हे चुलतभाऊ. १९२०च्या दशकात त्यांनी स्कॉटलंडमधल्या आपल्या घरी अमोनियावर चालणारे यंत्र बसवून बाहेरच्या हवेतून आणि नळाच्या पाण्यातून उष्णता उपसली, आणि १९३० साली विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे तिचा जमाखर्च मांडला. स्कॉटलंडच्या हिवाळी हवेतून उष्णता काढायची, ही कल्पना ऐकणाऱ्याला थट्टेची वाटावी. पण शून्य अंशाची हवादेखील निरपेक्ष मापाने २७३ केल्व्हिनची असते. तिच्यात उष्णता आहेच, फक्त ती आपल्या उपयोगाच्या पातळीच्या खाली आहे. विद्यार्थ्यांच्या मनातली ‘थंडी म्हणजे उष्णता नसणे’ ही समजूत खोडायला याहून चांगले उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

खरे बळ या यंत्राला स्वित्झर्लंडने दिले. या देशात कोळसा नाही. पहिल्या महायुद्धात आयात आटली तेव्हा तो गारठला होता. पण जलविद्युत भरपूर. १९३७-३८ मध्ये झुरिचच्या जुन्या नगरगृहातल्या शेगड्या काढायच्या ठरल्या, तेव्हा एशर वीस या कंपनीने तिथे उष्मापंप बसवला. इमारत लिमाट नदीच्या अगदी काठावर. नदीच्या पाण्यातून उष्णता घेऊन यंत्र ६० अंशांपर्यंत पाणी तापवी आणि ते पाणी इमारतभर फिरे. कडाक्याच्या थंडीत विजेच्या कॉइलची थोडी मदत घ्यावी लागे. लिमाटचे पाणी हिवाळ्यात ७ अंश धरले, तर कार्नोच्या नियमाने आदर्श यंत्राला एका युनिटात सहा युनिटे उष्णता मिळेल. (गरम बाजूचे निरपेक्ष तापमान ३३३, दोन्ही बाजूंतला फरक ५३, भागाकार सव्वासहा.) प्रत्यक्ष यंत्रांत घर्षण, गळती आणि नळ्यांच्या भिंतींत होणारा तोटा धरून साधारण याच्या निम्म्यापर्यंत मजल जाते. तेवढीही मोठीच.

मग दुसरे महायुद्ध आले, कोळसा पुन्हा दुर्मीळ झाला, आणि १९४५ पर्यंत स्वित्झर्लंडमध्ये असे तीसहून अधिक पंप चालू झाले. झुरिचच्या सार्वजनिक पोहण्याच्या तलावातही १९४१ साली एक बसला.

ब्रिटनमध्ये नॉर्विच शहराच्या वीजखात्यातले अभियंते जॉन समनर यांनी युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, आपल्या कचेरीसाठी असाच पंप उभारला. नवे सामान मिळत नव्हते, म्हणून जुन्या, वापरलेल्या भागांची जुळवाजुळव केली. प्रशीतक म्हणून सल्फर डायऑक्साइड आणि उष्णतेचा साठा म्हणून जवळची वेन्सम नदी. एका युनिटामागे सुमारे साडेतीन युनिटे उष्णता मिळाली. जुन्या सामानातून आणि थंड नदीतून आलेला हा आकडा आजच्या यंत्रांच्याही जवळ जातो. १९५१ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलला थेम्स नदीतून उष्णता घेणारा पंप बसला. त्याचे कॉम्प्रेसर विमानाच्या मर्लिन इंजिनांवर चालत. तो गरजेपेक्षा जास्तच उष्णता देऊ लागला आणि फार टिकला नाही.

त्यानंतर पश्चिम युरोपात स्वस्त खनिज तेल आले, मग नैसर्गिक वायू. बॉयलर बसवणे सोपे झाले आणि उष्मापंप मागे पडला. यंत्रात काही खोट निघाली म्हणून नव्हे, तर काटकसर करण्याचे कारणच उरले नाही म्हणून. आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म इथे आहे. तंत्र तयार होते, माणसे तयार होती, मोजमाप झाले होते. जळणाच्या भावाने निकाल लावला. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हा लोकांना समनर यांचे नाव पुन्हा आठवले. स्वीडनने आपली घरे या वाटेने तापवायला सुरुवात केली, आणि अमेरिकेत ओक रिज प्रयोगशाळेच्या सहकार्याने घरगुती पाणी तापवणाऱ्या पंपांवर मुद्दाम काम झाले.

पाण्याची वेगळी अडचण

घर तापवणे आणि आंघोळीचे पाणी तापवणे यांत फरक आहे. खोली २० अंशांवर ठेवायला नळ्यांतले पाणी ३५-४० अंश असले तरी भागते. टाकीतले पाणी मात्र ६० अंशांच्या आसपास न्यावे लागते, नाही तर साठवलेले पाणी पुरत नाही. चढ वाढला की हमाली वाढली. शिवाय आणखी एक बारकावा आहे. नेहमीचा प्रशीतक एका ठरावीक तापमानाला द्रवरूप होतो. पाणी ६० अंशांवर न्यायचे तर हे तापमान ६० च्या वर ठेवावे लागते. पण पाणी तर २० अंशांपासून सुरुवात करते! पहिल्या थोड्या अंशांसाठीसुद्धा आपण वरच्या पातळीची महाग उष्णता वापरतो. दोन पायऱ्या चढायच्या असलेल्या माणसालाही गच्चीपर्यंत नेऊन मग खाली सोडण्यासारखे हे झाले.

यावरचा तोडगा एका जुन्या पदार्थाने दिला. तो म्हणजे कार्बन डायऑक्साइड. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जहाजांवरच्या शीतगृहांत तो वापरत, कारण तो अमोनियासारखा विषारी नव्हता. पण त्याला दाब फार लागे. १९३०च्या सुमारास टॉमस मिजली यांनी क्लोरोफ्लुओरोकार्बन गटातला नवा वायू पुढे आणला; तो ना पेटतो ना विषारी, हे दाखवायला त्यांनी भर सभेत तो श्वासात घेतला आणि उच्छ्वासाने मेणबत्ती विझवली. कार्बन डायऑक्साइडची यंत्रे हळूहळू भंगारात गेली. पुढचा भाग आपण शिकवतोच: १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी हे वायू ओझोनचा थर कुरतडतात असे दाखवले आणि १९८७ मध्ये माँट्रिअलचा करार झाला. त्यांच्या जागी आलेल्या वायूंपैकी एक, आर-१३४ए, ओझोनला हात लावत नाही, पण वातावरण तापवण्यात वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट जबर आहे.

तेव्हा नॉर्वेतल्या ट्रोंडहाइमचे प्राध्यापक गुस्ताव लोरेन्ट्सेन यांनी सुचवले की जुन्या पदार्थाकडे परत जाऊ. हे निवृत्तीच्या वयातले गृहस्थ, तरुण होत तेव्हा कार्बन डायऑक्साइडची यंत्रे अजून चालू असायची. त्याचे क्रांतिक तापमान अवघे ३१ अंश आहे. त्याच्या वर कितीही दाबले तरी त्याचा द्रव होत नाही. आजवर हा दोष मानला जाई. लोरेन्ट्सेन यांनी तोच गुण ठरवला. दाबलेला, तापलेला कार्बन डायऑक्साइड एकाच तापमानाला उष्णता सोडत नाही; तो शंभराच्या आसपासपासून वीस-तीस अंशांपर्यंत हळूहळू निवत जातो. समोरून पाणी उलट दिशेने आणले, तर सर्वांत गार पाण्याला सर्वांत निवलेला वायू भेटतो आणि सर्वांत गरम पाण्याला सर्वांत तापलेला. प्रत्येकाला त्याच्या पायरीपुरतीच मदत. फळ्यावर दोन्ही पदार्थांच्या तापमानाच्या रेषा काढून दाखवल्या तर विद्यार्थ्यांना हे पाच मिनिटांत उमजते. वायूचा दाब वातावरणाच्या शंभर पटींच्या घरात जातो, म्हणून नळ्या जाड पण बारीक लागतात. १९९०च्या दशकात ट्रोंडहाइमला झालेल्या चाचण्यांत नळाचे पाणी ६० अंशांवर नेताना एका युनिटामागे चारहून अधिक युनिटे मिळाली. लोरेन्ट्सेन १९९५ मध्ये वारले.

जपानी न्हाणी

हे तंत्र घराघरांत नेले जपानने. जपानी माणसाला संध्याकाळी खोल टबातल्या कढत पाण्यात बसल्याखेरीज दिवस संपला असे वाटत नाही, आणि घरातल्या ऊर्जेचा मोठा हिस्सा त्यात जातो. तेल आणि वायू बाहेरून आणावे लागतात. अणुवीज केंद्रे रात्री बंद करता येत नसत, त्यामुळे रात्रीची वीज स्वस्त होती. टोकियोची वीज कंपनी, वीज उद्योगाची मध्यवर्ती संशोधनसंस्था आणि डेन्सो यांनी मिळून कार्बन डायऑक्साइडचा पंप तयार केला, आणि २००१ मध्ये तो ‘इको क्यूट’ नावाने बाजारात आला. ‘क्यूतो’ म्हणजे गरम पाण्याचा पुरवठा. नावात कोटी आहे. अंगणात पंप, शेजारी ३७० लिटरच्या आसपासची उंच टाकी. रात्री पाणी तापवून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी वापरायचे. सरकारने सुरुवातीला अनुदान दिले. २००७ पर्यंत दहा लाख आणि २०१६ पर्यंत पन्नास लाख यंत्रे बाहेर पडली.

मार्च २०११ मध्ये फुकुशिमाची दुर्घटना झाली आणि रात्रीच्या स्वस्त विजेचा आधारच डळमळला. पंप मात्र गेले नाहीत. आता छपरांवरच्या सौरपट्ट्यांमुळे दुपारी वीज उरते, म्हणून रात्रीऐवजी दुपारी पाणी तापवणारे नमुने २०२२ पासून निघाले आहेत. दुपारची हवा रात्रीपेक्षा गरम. म्हणजे चढही कमी.

आपला चढ

आता आपल्याकडे पाहू. झुरिचला ७ अंशांच्या नदीवरून ६० वर चढायचे होते. आपल्याला पुण्या-कोल्हापुराकडे २५ अंशांच्या हवेवरून ५५ वर. आदर्श गुणक सव्वासहावरून जवळजवळ अकरावर जातो. (३२८ भागिले ३०.) प्रत्यक्षात साडेतीन-चार मिळावेत. ज्या देशांनी हे यंत्र वाढवले त्यांच्यापेक्षा आपली हवा त्याला किती तरी अनुकूल आहे.

तरी घरोघरी ते का नाही? कारणे बरीच साधी आहेत. किमतीला ते गीझरच्या कैक पट पडते. त्याला मोठी टाकी आणि मोकळी हवा लागते. दोन खोल्यांच्या घरात ती नाही. पंधरा लिटरच्या गीझरसारखे ते दहा मिनिटांत पाणी देत नाही, तासन्‌तास सावकाश तापवते. कॉम्प्रेसर थोडा आवाज करतो. आणि आपल्याला उन्हाची जोड आहे. गच्चीवरचा सौरबंब ऊन असेल त्या दिवशी याहूनही कमी खर्चात काम करतो. पावसाळ्यात मात्र त्याच्या टाकीतली विजेची कॉइल चालू होते, आणि हिशेब पुन्हा पहिल्या परिच्छेदापाशी येतो.

जिथे पाणी खूप आणि रोज लागते, तिथे चित्र बदलते. हॉटेले आणि रुग्णालये यांतून हे पंप आता दिसू लागले आहेत. शंभर मुलांचे एखादे वसतिगृह घ्या. मुलामागे २० लिटर, म्हणजे रोज २००० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायचे: साठ हजार किलोकॅलरी, म्हणजे सत्तर युनिटे. साडेतीनच्या गुणकाने पंपाला वीस युनिटे पुरतील. रोजची पन्नास युनिटे वाचली. विजेचा आपल्या गावचा दर घेऊन यंत्राची किंमत किती दिवसांत वसूल होते, हे गणित नववी-दहावीच्या मुलांना घालता येईल. त्यात एक दुरुस्ती करायला सांगावी: पंपातून बाहेर पडणारी गार हवा जर वसतिगृहाच्या धान्याच्या कोठारात सोडली, तर तिची किंमत जमेच्या बाजूला किती धरायची?

झुरिचच्या नगरगृहातले ते १९३८ सालचे यंत्र ६३ वर्षे चालले. २००१ साली, म्हणजे जपानात इको क्यूट बाजारात आला त्याच वर्षी, ते काढून तिथे नवा उष्मापंप बसवण्यात आला.